हलका हात

संध्याकाळी सासूबाईंच्या गुडघ्यांना तेल लावायचं काम सुनेचं. कुणी सांगितलं नव्हतं, तिनंच ते अंगावर घेतलं होतं. कामावरून आली, हातपाय धुतले, चहा झाला, की ती त्यांच्या खुर्चीपुढे बुटकं स्टूल ओढून बसायची. सासूबाई पायावरचं पांघरूण वर सारायच्या आणि डोळे मिटून घ्यायच्या. तेवढा वेळ घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. शेजारच्या काकू आलेल्या असल्या, तर मात्र हा नियम मोडायचा. काकू वर्तमानपत्र मागायला यायच्या आणि ते न उघडताच साऱ्या बातम्या सांगून जायच्या.

"हिचा हात बघा," सासूबाई त्यांना सांगायच्या. "कापसासारखा आहे. मुकी जनावरं उगाच नाही हिच्या हातून बरी होत."

हे ऐकलं की सुनेची बोटं क्षणभर थबकायची, मग पुन्हा गोल गोल फिरायला लागायची.

ती पशुवैद्य होती. संशोधन संस्थेत तिला नोकरी लागली तेव्हा सासूबाईंनी कौतुकानं विचारलं होतं, "दिवसभर काय करतेस गं तिथं?" तिनं सांगितलं, "लंगडणारे ससे असतात, आई. त्यांचे गुडघे दुरुस्त व्हावेत म्हणून झाडपाल्यातून औषध शोधतो." यात शब्दानं खोटं काही नव्हतं. ससे लंगडत होते, औषधही शोधलं जात होतं. ससे का लंगडतात एवढंच सांगायचं राहिलं. सासूबाईंनी ती जागा आपल्या मनानं भरून काढली. लोक लांबलांबून टोपल्यांतून लंगडे ससे घेऊन येतात आणि आपली सून त्यांना मांडीवर घेऊन औषध पाजते, असं चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. सुनेनं ते राहू दिलं.

एकदा काकूंनी विचारलं, "बरे झाल्यावर त्यांचं काय करता मग?"

"सोडून देतो," ती म्हणाली.

हे मात्र धडधडीत खोटं होतं. नवरा कोपऱ्यात बसून मोबाइल बघत होता, त्यानं मान अजूनच खाली घातली. नंतर स्वयंपाकघरात येऊन तो हळूच म्हणाला, "आईला सांगून टाक की खरं काय ते."

"तूच सांग. तुझी आई आहे."

"मी काय सांगणार? मला ससा आणि उशी यांतला फरक लांबून कळत नाही."

ती हसली, आणि विषय तिथंच राहिला.

खरं काय ते असं होतं. संस्थेत ससे येत ते धडधाकट. गुडघ्याच्या सांध्यात हाडांच्या टोकांवर पांढरीशुभ्र, गुळगुळीत गादी असते, तिला कूर्चा म्हणतात. माणसाचं वय झालं की ती झिजते आणि एकदा झिजली की पुन्हा भरून येत नाही. ती भरून आणणारं औषध शोधायचं, तर आधी ती बिघडलेली हवी. म्हणून सशाला भूल द्यायची, गुडघा उघडायचा आणि बारीक हत्यारानं त्या गादीला आगकाडीच्या गुलाएवढं गोल भोक पाडायचं. मग काही आठवडे सांध्यात औषध टोचायचं. शेवटी सशाला कायमचं झोपवायचं आणि गुडघ्याचे पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, की भोक भरलं का.

भोक सगळ्यांना सारखंच पडायला हवं. ते गादीतून आरपार जाऊन खालच्या हाडाला लागायला हवं, आणि ते लागल्याची खूण एकच, तळाशी उमटणारा रक्ताचा ठिपका. या कामात तिचा हात बसलेला होता. तिची भोकं साच्यातून काढल्यासारखी यायची. मोठे सर पाहुण्यांना ती मुद्दाम दाखवायचे.

सर सगळ्यांचे वरिष्ठ. एका झाडाच्या डिंकातून काढलेल्या अर्कावर त्यांनी अर्धं आयुष्य घातलं होतं. डिंकापायी सरांचे केस गेले, असं प्राण्यांच्या खोल्या सांभाळणारे मामा म्हणायचे. ते ऐकून सर टकलावरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, "डिंक केसांना चिकटला हो, जाताना घेऊन गेला."

मामांना सशांना नावं ठेवायला बंदी होती. "मी ठेवत नाही, ताई," ते म्हणायचे, "बघता बघता पडतात." सतत तोंड हलवणारा एक ससा होता, त्याचं नाव वकील पडलं होतं.

तर या खेपेला अर्काची मोठी चाचणी ठरली होती, आणि तिच्या पहिल्या दिवशी सकाळीच ती गोष्ट घडली. सून घरातून निघतच होती, तेवढ्यात काकू आपला म्हातारा कुत्रा घेऊन दारात उभ्या राहिल्या. कुत्र्याचा मागचा पाय दुखावला होता. सासूबाई भिंतीला धरून दारापर्यंत आल्या, सुनेचा उजवा हात आपल्या हातांत घेतला आणि कुत्र्याच्या डोक्यावर ठेवला. "नुसता हात लाव," त्या म्हणाल्या. "तुझ्या हाताला गुण आहे." कुत्र्यानं तिचा तळवा चाटला. काकूंचे डोळे भरून आले. तिला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं. पायाला पट्टी बांधून ती कशीबशी जिना उतरली.

तासाभरानं त्याच हातात हत्यार होतं आणि टेबलावर वकील भूल चढून पडला होता. आता त्याचं तोंड हलत नव्हतं. तिनं गुडघा उघडला. आतली गादी ओल्या शिंपल्यासारखी चमकत होती. तिनं हत्यार टेकवलं, फिरवलं, आणि हाडाला लागण्याआधीच हात वर उचलला. तळ पांढराच राहिला. केसभराचा तर फरक, त्यानं काय होतंय, असं तिनं मनाशी म्हटलं. पुढच्या सशालाही तसंच केलं, त्याच्या पुढच्यालाही. त्या आठवड्यात तिच्या हातून एकाही भोकाच्या तळाशी लाल ठिपका उमटला नाही. मदतनीस मुलगी कागदावर खुणा करत होती, पण डॉक्टरांचं, म्हणजे सुनेचं, काम तपासायची कुणाला सवय नव्हती. डॉक्टर म्हणाल्या "झालं," की झालं.

आणि त्या आठवड्यात तिला गाढ झोप लागली. आपण कुणाला न कळता थोडी दया केली, असं समाधान तिला होतं. पुढे तिला सगळ्यात जास्त लाज वाटली ती या झोपेची.

दुसऱ्या आठवड्यात सर स्वतः शेजारी येऊन उभे राहिले. त्यांच्यादेखत तिचा हात पुन्हा पहिल्यासारखा चालला आणि प्रत्येक भोकात ठिपका आला.

कुठल्या सशाला अर्क आणि कुणाला नुसतं मिठाचं पाणी, हे खरं तर चिठ्ठ्या टाकून ठरवायचं असतं. पण अर्काची बाटली शुद्धतेच्या तपासणीत अडकून पडली होती आणि पहिल्या आठवड्यातल्या सशांना सुई टोचायची वेळ तर येऊन ठेपली होती. सर चुळबुळले, खोलीत फेऱ्या मारल्या आणि शेवटी म्हणाले, "आधीच्यांना पाणी देऊ, नंतरच्यांना अर्क. डॉक्टरांच्या हातची भोकं आहेत, काय फरक पडतो?"

ती तिथंच उभी होती. आताच सांगून टाकावं, असं तिच्या मनात आलं. पण सांगायचं म्हटलं तर का केलं तेही सांगावं लागणार, म्हणजे कुत्रा, काकू, सासूबाई, सगळंच. तिनं हातमोजे काढले आणि नळाखाली हात धूत राहिली.

हंगाम पालटला, ससे संपले आणि काप तयार झाले. एकाच वेळी दोघांना बघता येईल असा सूक्ष्मदर्शक संस्थेत होता. सर एका बाजूला बसले, ती दुसऱ्या. कापांवर नुसते आकडे होते, पण दोन ढीग आपोआपच वेगळे पडत गेले. काही भोकं भरत आली होती, काही तशीच रिकामी होती. आकड्यांचा उलगडा झाला तेव्हा भरलेली सगळी अर्कवाल्यांची निघाली आणि रिकामी पाणीवाल्यांची.

 सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "आणि हे बघा," ते पाणीवाल्या सशाच्या कापावर येऊन म्हणाले, "तळाशी एवढीशी पट्टी आपली आपण आलीय. बाकी सगळं रिकामं. निसर्ग प्रयत्न करतो हो, पण त्याला एकट्याला झेपत नाही."

तिनं डोळा लावला. ती पट्टी आलेली नव्हती. ती राहिलेली होती. तिच्याखाली हाड आणि गादी यांच्यामधली मूळची रेघ सलग, न दुखावलेली दिसत होती. हत्यार तिथवर पोचलंच नव्हतं. आणि मग शिकताना तोंडपाठ केलेली एक गोष्ट तिला आठवली. त्या सकाळी हातात हत्यार असताना ती आठवायला हवी होती. कूर्चेत रक्त नसतं. भोक हाडापर्यंत गेलं तर खालून रक्त येतं आणि त्या रक्तातून काही ना काही भरून येतं, औषध असो वा नसो. उथळ जखमेला रक्तच मिळत नाही, आणि ती भरत नाही. तिनं दया म्हणून ज्यांना कमी कापलं, त्यांनाच तिनं बरं होण्याची वाट बंद केली होती. आणि सरांचा डिंक खरंच काही करतो की नाही, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.



"गप्प का?" सर म्हणाले. "आनंद झाला की तुम्ही अशाच गप्प होता, मला माहीत आहे. पुढच्या आठवड्यात परवानगी देणाऱ्या समितीपुढे मांडू. मग माणसांवरची चाचणी. पहिलं नाव तुमच्या सासूबाईंचं घालतो, काय?"

"हो सर," ती म्हणाली.  कापांच्या पेट्या कपाटात ठेवताना एका पेटीवर वकिलाचा आकडा दिसला. मामांमुळे तो तिला पाठ झाला होता.

घरी आली तर सासूबाई दारासमोरच बसलेल्या. त्यांच्या मांडीवर जुनं वर्तमानपत्र, आणि त्यावर त्यांच्या बाहेर घालायच्या चपला. जिने उतरणं थांबल्यापासून त्या कपाटाच्या तळाशी पडून होत्या. सासूबाई ओल्या फडक्यानं त्यांचे पट्टे पुसत होत्या.

"तुझ्या सरांचा फोन आला होता," त्या म्हणाल्या. चेहरा लहान मुलीसारखा खुलला होता. "तुला लागेना म्हणून घरच्या फोनवर केला. म्हणाले, औषध सापडलं, आणि सगळी तुमच्या सुनेच्या हाताची कमाल. मी म्हटलं, ते मला ठाऊकच आहे, तुम्हाला आज कळलं." त्यांनी एक चप्पल उचलून उजेडात धरली. "खालच्या बागेतल्या बाकावर जायचं, बस. लांब कुठं नेऊ नका मला. बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांना नावं ठेवेन थोडा वेळ."

"एवढ्यासाठी औषध कशाला," नवरा आतून म्हणाला. "ते तू खिडकीतूनही करतेस."

"खिडकीतून ऐकू नाही जात त्यांना."

सून हसली नाही. तिनं हातपाय धुतले, चहा घेतला नाही, स्टूल ओढलं आणि तेलाची वाटी हातात घेतली. सासूबाईंनी चपला खाली ठेवल्या, पांघरूण सारलं, डोळे मिटले. गुडघे सुजलेले, कातडी ताणलेली. तिनं तळवा टेकवला आणि तिला उमगलं, की आज हे तेल लावून झालं तर मग कधीच सांगणं होणार नाही.

"आई, ते ससे लंगडे नसतात," ती म्हणाली.

सासूबाईंनी डोळे उघडले नाहीत. "म्हणजे गं?"

"येतात तेव्हा चांगले असतात. पळतात. त्यांचा गुडघा आम्ही बिघडवतो. मी बिघडवते. हेच माझं काम आहे. भोक मी पाडते आणि मग औषध टोचते. आणि शेवटी त्यांना सोडत नाही. मारतो."

आतमध्ये नवऱ्याच्या हातातला चमचा वाजायचा थांबला.

सासूबाईंनी डोळे उघडले, पण तिच्याकडे पाहिलं नाही. गुडघ्यावरच्या तिच्या हाताकडे पाहत राहिल्या. "दुखतं त्यांना?" त्यांनी विचारलं.

"तेव्हा भूल असते. नंतर दुखतं. आम्ही दुखायचं औषध देतो, तरी थोडं दुखतंच."

"आणि मी काकूंना सांगत होते." त्यांचा आवाज कोरडा होता. "रोज सांगत होते."

"मी सांगू दिलं, आई."

मग तिनं उरलेलंही सांगितलं. ती सकाळ, कुत्रा, हलका पडलेला हात, न उमटलेला ठिपका. औषध सापडलेलं नाही, निदान सापडलंय असं म्हणता येत नाही. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी पांघरूण हळूच गुडघ्यांवर ओढून घेतलं. "राहू दे आज," त्या म्हणाल्या. "माझं मी लावेन."

त्या एका वाक्यानं ती जी खाली झुकली, ती चार शिव्या ऐकूनही झुकली नसती. वाटी स्टुलावर ठेवून ती उठली. चपला कपाटात कुणी ठेवल्या, ते तिला कळलं नाही. सकाळी त्या दारात नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी तिनं सरांच्या टेबलावर काप ठेवले आणि मूळच्या रेघेवर बोट ठेवून दाखवलं. सरांना दोन वाक्यांतच कळलं. ते खुर्चीत मागे रेलले. रागावतील, ओरडतील, असं तिला वाटलं होतं. तिला ते हवंच होतं. पण त्यांचा चेहरा नुसता विझत गेला.

"ही रेघ मलाही दिसायला हवी होती," ते म्हणाले. "काल दिसत होतीच की. मी बघितली नाही." थोड्या वेळानं म्हणाले, "आणि चिठ्ठ्या मी टाकायला हव्या होत्या."

"चूक माझी आहे, सर."

"तुमची आहेच. त्यात वाटेकरी व्हायची मला हौस नाही." त्यांनी टकलावरून हात फिरवला, पण विनोद सुचला नाही. "का केलंत असं? तुमचा हात चुकत नाही."

"घरी मी सांगितलं होतं, आम्ही जनावरं बरी करतो. त्या दिवशी ते मलाही खरं वाटावं, असं वाटलं."

सरांनी काप पुन्हा पेटीत ठेवले. "समितीला मी कळवतो," ते म्हणाले. "चाचणी फुकट गेली म्हणून. पुन्हा करावी लागणार, डॉक्टर. सगळी. पहिल्या सशापासून."

हे तिला ठाऊक होतं. रात्रभर तिनं दुसरं काही मोजलं नव्हतं. तिच्या दयेपायी तेवढेच ससे पुन्हा त्या टेबलावर येणार होते. तिला वाटलं, आपल्या हातून हे काम काढून घ्यावं. तसं ती म्हणालीही.

"नाही," सर म्हणाले. "दुसऱ्याच्या हातानं केलं तर त्याला सवय होईपर्यंत आणखी ससे जातील. तुम्हीच करायचं. या वेळी मदतनीस ठिपका बघून खूण करेल, आणि चिठ्ठ्या ती टाकेल. आपण दोघांनी कशाला हात लावायचा नाही."

प्राण्यांच्या खोलीत ती गेली तेव्हा मामा रिकामे पिंजरे पाण्याचा फवारा मारून धूत होते. "नवे येणार म्हणे, ताई?" त्यांनी विचारलं.

"हो."

"या खेपेला नावं पडू देत नाही," मामा म्हणाले आणि पाणी सोडून पिंजऱ्याचा तळ घासत राहिले. तिला त्यांच्याकडे बघवलं नाही.

घरी सासूबाई आपलं तेल आपण लावत होत्या. वाकताना त्यांना धाप लागायची, बोटं नडगीपाशीच थांबायची, पण त्यांनी हाक मारली नाही. सून भाजी चिरत असायची, पाठमोरी, आणि वाटी सरकल्याचा आवाज ऐकत राहायची. बाकी बोलणं होतं. मीठ, दूध, विजेचं बिल. "सूनबाई" ही हाकही होती. फक्त हाताबद्दल कुणी काही बोलत नव्हतं.

एका संध्याकाळी काकू आल्या, वर्तमानपत्र मागितलं आणि बसल्या. कुत्रा आता बरा चालत होता आणि त्याचं श्रेय त्यांना कुणाला तरी द्यायचं होतं. "तुमच्या सुनेचा हात लागला हो," त्या म्हणाल्या. "सशांचं काय नवीन?"

स्वयंपाकघरात सुनेची सुरी थांबली.

"ससे लंगडे नसतात, काकू," सासूबाई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच. "मी तुम्हाला चुकीचं सांगत होते. हे लोक चांगल्या सशांचे गुडघे बिघडवतात, मग औषध देतात. तुमच्या-माझ्या गुडघ्यांसाठी. औषध अजून सापडलेलं नाही."

 "अगं बाई," काकू म्हणाल्या, आणि मग, "मग आमचा कुत्रा?"

"त्याचं आपलं आपण बरं झालं असेल. पट्टी नीट बांधली होती तिनं, तेवढं खरं."

काकू त्या दिवशी वर्तमानपत्र खरोखरच घेऊन लवकर गेल्या. सासूबाईंनी तिला हाक मारली नाही. तीही बाहेर आली नाही, डोळे पुसत चिरलेलंच पुन्हा चिरत राहिली. तिची लाज आता सासूबाईंनीही अर्धी स्वतःकडे घेतली होती, आणि तिला तेच सोसत नव्हतं.

नवे ससे आले. चाचणीच्या पहिल्या सकाळी ती दारात चपला घालत होती. सासूबाई भिंतीला धरत धरत आल्या. त्यांनी तिचा उजवा हात घेतला, उलटा केला, तळवा बघितला. तिला वाटलं, आता त्या काही कौतुकाचं बोलल्या तर आपण इथंच खाली बसू.

"आज आहे ना?" त्यांनी विचारलं.

"हो, आई."

"मग नीट कर." त्यांनी हात सोडला नाही. "त्यांना तिसऱ्यांदा आणायला लागू नये, असं कर. आणि माझ्याकडे बघून हात हलका करू नकोस. मी बाकावर गेले नाही तरी चालेल."

 तिनं मान हलवली आणि ती जिना उतरली.

टेबलावर पहिला ससा भूल चढून पडला होता. करडा होता, एका कानाला जुना चिरा. मदतनीस कागद घेऊन बाजूला उभी होती. सुनेनं गुडघा उघडला. ओल्या शिंपल्यासारखी गादी चमकली. तिनं हत्यार टेकवलं, फिरवलं, आणि हात उचलावासा वाटला तिथं उचलला नाही. खाली हाड लागलं. तिनं हत्यार काढून घेतलं आणि वाट पाहिली.

पांढऱ्या तळाशी लाल ठिपका उमटला, हळूहळू मोठा झाला.

"आला," मदतनीस म्हणाली आणि खूण केली.

सुनेनं तो लगेच पुसला नाही. मान वळवावीशी वाटत होती, तरी खाली वाकून तिनं तो नीट बघून घेतला.